मुकी पाटी

शालनबाई थोरवत पाटी घ्यायला निघाल्या, तेव्हा सल्ला द्यायला कऱ्हाडात माणसांची वानवा नव्हती. शेजारणीने रंगीत घ्या म्हणून सांगितलं, भाच्याने मोठी घ्या म्हणून. मुलगा निनाद पुण्याहून फोनवर म्हणाला, "कुठलीही घे गं आई. तुला काय, रामनाम तर लिहायचंय."

पाटी म्हणजे ई-शाईची पाटी. कागदासारखी दिसणारी, डोळ्यांना न टोचणारी, हाताने लिहायची. कंपन्यांनी तिला लांबलचक इंग्रजी नावं दिली होती, पण लोकांनी आपला जुना शब्द उचलून तिला चिकटवला आणि तोच टिकला.

बाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. उभा जन्म पहिलीच्या वर्गावर गेलेला. गावातल्या निम्म्या लोकांचा 'ग' कुठून वळवायचा हे त्यांनी ठरवलेलं. त्यामुळे दुकानात त्या गिऱ्हाईक म्हणून शिरल्याच नाहीत, तपासणीला आल्यासारख्या शिरल्या. काउंटरवरच्या मुलीने दोन पाट्या पुढ्यात ठेवल्या.

"ही मुकी आणि ही बोलकी," ती म्हणाली. "मुकीवर तुम्ही जे उमटवाल तेवढंच राहतं. बोलकी तुमचा हात वाचते. पेन टेकायच्या आधी ते हवेत कुठे आहे, किती तिरकं आहे, किती जोर आहे, सगळं टिपते. त्यावरून पुढची रेघ कुठे जाणार हे तिला आधीच कळतं. म्हणून शाई उशिरा उमटत नाही."

बाईंनी मुकीवर 'कमळ' लिहिलं. पेन पुढे गेलं आणि शाई क्षणभराने मागून आली.

"ही मागून येते गं. वर्गातल्या ढ पोरासारखी."

मग बोलकीवर लिहिलं. शाई टोकाखालीच उमटली, आणि दगडी पाटीवर पेन्सिल फिरावी तशी हलकी खरखर हाताला लागली. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी उगाचच 'कमळ' पुन्हा लिहिलं, मग 'मगर', मग 'बदक'.

"हीच दे."

"बाई, ही सगळं टिपून ठेवते हं. काही लोकांना ते आवडत नाही."

"ठेवू दे की. मी रामनाम लिहिणार. रामापासून काय लपवायचंय?"

या रामनामामागे एक संकल्प होता. निनाद कॉलेजात असताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं. पोरगं शुद्धीवर येईना. नवरा आधीच गेलेला. बाईंनी इस्पितळाच्या जिन्यात उभ्या राहून बोलून टाकलं, पोरगा उठला तर त्याच्या नावाने कोटी रामनाम लिहीन. पोरगा उठला, चालायला लागला, शिकला, पुण्यात मोठ्या नोकरीला लागला. बाई मात्र अजून लिहीतच होत्या. वह्यांनी माळा भरला आणि मग माळ्याला वाळवी लागली. म्हणून ही पाटी.

घरी येऊन पाटी सुरू केली, तर तिने पहिलाच प्रश्न विचारला: ही पाटी कोणाच्या नावाची? बाईंनी आजवरच्या प्रत्येक वहीवर लिहिलं होतं तेच लिहिलं, निनाद थोरवत. संकल्प ज्याच्या नावाचा, वही त्याच्या नावाची. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. ओळख पटवायला पाटीने निनादच्या फोनवर आकडा पाठवला; त्याने तो आईला वाचून सांगितला आणि विसरून गेला.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानेच घडवलं.

आपला हात सुरळीत चालवणाऱ्या मज्जापेशी मेंदूच्या पार तळाशी असतात. कंपवातात त्या एकेक करून मरतात. हात थरथरायला लागतो, तोवर त्यातल्या बऱ्याचशा संपलेल्या असतात आणि डॉक्टर हळहळण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाहीत. पण थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधी अक्षर बोलायला लागतं. ओळीच्या सुरुवातीला टपोरं असलेलं अक्षर शेवटाला बारीक होतं. पेन उचलताना हात कणभर अडतो. माणसाच्या डोळ्यांना हे फार उशिरा दिसतं, पाटीला लगेच. पाट्या बनवणाऱ्यांनी हाताची हालचाल टिपली होती ती केवळ शाई वेळेवर उमटावी म्हणून. त्या साठवलेल्या हालचाली काही संशोधकांनी आजारी माणसांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या आणि ते चक्रावलेच.

त्यातही देवनागरी लिहिणाऱ्यांचं निदान सगळ्यांत पक्कं ठरलं. रोग्याच्या हाताची परीक्षा घ्यायची तर डॉक्टर त्याला सरळ रेघ ओढायला सांगतात. आपण तर प्रत्येक शब्दावर शिरोरेघ ओढतो. म्हणजे शब्दागणिक परीक्षा. आणि एखादं माणूस तोच मजकूर रोज, वर्षानुवर्षं, मनोभावे लिहीत असेल, तर पाटीला आणखी काय हवं? या सगळ्याचा मिळून एक आकडा निघू लागला. त्याला हस्तांक म्हणायचे. कमी असला तर हिरवा, चढला तर तांबडा.

सरकारने तातडीने कायदा केला. विमा कंपन्यांनी हस्तांक मागायचा नाही, नोकरी देणाऱ्यांनी मागायचा नाही. पण लग्नाच्या बाजाराला कोण कायदा लावणार? तिथे मंगळ कधीच मागे पडला होता. स्थळ सांगून आलं की पहिला प्रश्न असायचा, "हस्तांक किती?" आपल्या लोकांची अक्कल एवढी तल्लख की मुकी पाटी वापरणाऱ्या मुलाकडेही ते संशयाने बघू लागले. ज्याला लपवायचं नाही, तो मुकी कशाला घेईल?

पाटी घेतल्याला काही वर्षं झाली, तेव्हा निनादसाठी पुण्याच्या सरनोबतांची अन्विता सांगून आली. वधू-वर सूचक संस्थेसाठी निनादने स्वतःची माहिती स्वतःच लिहिली होती. त्यात आईच्या पुढे होतं, गृहिणी. बाईंनी ते वाचलं तेव्हा विचारलं होतं, "शिक्षिका नाही लिहिलंस?"

"निवृत्त झालीस ना आता? आणि नगरपालिकेची शाळा म्हटली की लोक उगाच..."

उगाच काय, ते त्याने सांगितलं नाही. बाई हसल्या, पण त्यांना ते लागलं. दिवसभर लागत राहिलं.

अन्विता आणि निनाद तीन-चारदा भेटले आणि एकमेकांना मनापासून आवडले. सरनोबतांनी हस्तांक मागितला. निनादने संस्थेला बिनधास्त परवानगी देऊन टाकली. कॉलेज सुटल्यापासून त्याने हाताने ओळभरही लिहिली नव्हती. 'नोंद नाही' एवढंच येईल, अशी त्याची खात्री होती.

आला तो तांबडा आकडा. खाली लिहिलं होतं, नोंदी विपुल, निदान जवळजवळ निश्चित.

दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता निनाद कऱ्हाडला येऊन थडकला. तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. दारातच उभं राहून तो स्वतःचा उजवा हात पुढे धरून बघत होता. बाई खिडकीशी जप लिहीत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय रे, असा अवचित? बरं नाही का?"

त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. वरच्या कोपऱ्यात त्याचंच नाव होतं.

"आई, ही पाटी माझ्या नावावर आहे?"

"जप तुझ्या नावाचा, मग पाटी काय परक्याच्या नावाने घेऊ?"

तो ते नाव पुन्हा वाचायला वाकला. मग हसायला लागला. आधी हळू, मग एवढ्या जोरात की शेजारीण डोकावून गेली. त्याने आईला मिठी मारली, सगळं भराभर सांगितलं आणि म्हणाला, "म्हणजे हा हात तुझा आहे. माझा नाही! माझा नाही, आई!"

बाईंना आधी उलगडा होईना. झाला तेव्हा त्यांनी देवाकडे वळून हात जोडले.

"माझंच आहे रे रामा. माझंच ना? बरं झालं."

त्यांना खरंच बरं वाटलं होतं. कुठल्याही आईला वाटेल तसं. मान वर केली, तेव्हा निनाद फोन कानाला लावून अंगणात गेला होता आणि पाटीवर जप लिहिणारा हात आपला नाही, एवढंच संस्थेला समजावून सांगत होता. आईला त्याने अजून काहीच विचारलं नव्हतं. बाईंनी मांडीवरचा हात पाहिला. अंगठा आपल्याआपण बोटावर हलत होता. हे कधीपासून चाललंय, ते त्यांना आठवेना.

चार दिवसांनी कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं. बाईंच्या हाताने लिहिलेली ओळ त्यांनी समोर धरली. "बघा, पहिलं 'श्रीराम' केवढं आणि शेवटचं केवढं. आणि शिरोरेघ कशी खाली उतरत जाते. तुमच्या घरात आधी कुणाला होतं?"

बाईंना वडील आठवले. त्यांचे हात थरथरायचे आणि गाव म्हणायचं, दारू. आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेला माणूस बेवडा म्हणून मेला. बाईंनी ते सांगितलं.

"मग हा घराण्यात चालणारा प्रकार आहे," डॉक्टरीणबाई निनादकडे वळल्या. "तुमच्यात आला असेलच असं नाही. पण आला असेल तर आईपेक्षा बराच लवकर दिसेल. रक्ताची चाचणी करू या. घाबरायचं कारण नाही. आता एक औषध आहे, ते रोगाला आहे तिथेच थोपवतं. फक्त वेळेत सुरू व्हायला हवं. अक्षर बारीक होताना दिसलं की वर्षाच्या आत. त्यानंतर दिलं तर उपयोग नाही. तुमच्या आईंची ती वेळ गेली."

"मला चाचणी नको," निनाद म्हणाला.

"का रे?" बाईंनी विचारलं.

"कळलं की ते माझ्या नावावर लागतं, आई. मला जाणून घ्यायचंच नाही. लग्न होऊ दे, मग बघू."

सरनोबतांच्या समाधानासाठी निनादने नवी पाटी आणून महिनाभर रोज पानं भरली. आकडा हिरवा आला. बाईंनी साखर वाटली. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच एका रविवारी सरनोबतांचा फोन आला. निनाद कऱ्हाडलाच होता. फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडा ठेवून तो बोलत होता आणि बाई शेजारी खोबरं खवत होत्या.

"निनादराव, तुमचा हात स्वच्छ आहे, आनंद वाटला," सरनोबत म्हणाले. माणूस सभ्य होता, आवाजात खरा संकोच होता. "पण मुलीचा बाप आहे, विचारल्याशिवाय राहवत नाही. तो दुसरा हात कुणाचा? तो जप? घरातल्याच कुणाचा असेल तर... तुम्ही समजून घ्या, आम्हाला पुढचा विचार करावा लागेल."

निनादने आईकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, सांग म्हणून. त्या खरं सांग म्हणत होत्या.

"नाही हो काका, घरातलं कुणी नाही," निनाद म्हणाला. "त्याचं काय आहे, माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तिचा नवस होता, म्हणून तिने जप लिहायला एक बाई लावली होती. आमच्या नात्यातली नव्हे."

खवणीवरचा हात थांबला.

"असं होय!" सरनोबतांचा आवाज मोकळा झाला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

निनादने फोन बंद केला. मग बाई म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही?"

"मग काय सांगणार होतो मी?"

"खरं."

"खरं सांगितलं असतं तर अन्विता गेली असती. तुला हवंय का ते? तू माझ्यासाठी एवढा जप केलास. मग एवढं नाही करणार?"

 बाईंनी खवणी पुन्हा पुढ्यात ओढली आणि त्याचा अर्थ होकार, हे दोघांनाही ठाऊक होतं. निनादने मग एकेक गोष्ट समजावली. मुलगा हुशार, त्यामुळे कुठलीच फट राहिली नाही. बँक, पोस्ट, दवाखाना, कुरिअरवाला, सगळीकडे आता बोलक्याच पाट्या. हात एकदा टेकला की जप लिहिणारा हात तो हाच, ही ओळख पटलीच. म्हणून सही कुठेच करायची नाही. किराण्याची यादीसुद्धा लिहायची नाही. औषधं चालतील, पण विचारलं तर सांधेदुखीची. आणि पाटी तो घेऊन जाणार.

"आणि जप? अजून बराच राहिलाय रे."

"मनातल्या मनात कर ना."

"लिहीन म्हणून बोलले होते मी. तुझा जीव मागताना बोलले होते."

"आई, प्लीज." तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "अजून एक. तू फार शुद्ध बोलतेस. तिथे जरा आजी बोलायची तसं, गावठी बोल."

लग्न पुण्यात झालं. कऱ्हाडातून कुणालाही आमंत्रण नव्हतं. एखाद्या माजी विद्यार्थ्याने मांडवात "बाई!" म्हणून हाक मारली असती आणि वाकून पाया पडला असता, तर सगळंच उघडं पडलं असतं. शाळेतल्या मैत्रिणींना बाईंनी सांगितलं, लग्न अगदी घरच्या घरी आहे. मैत्रिणींनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण त्या दुखावल्या.

नोंदणीच्या वेळी साक्षीदारांच्या सह्या होत्या. कारकुनाने पाटी बाईंपुढे सरकवली. निनाद पटकन म्हणाला, "आईचा अंगठा घ्या." कारकुनाने शाईचं पॅड काढलं.

बाईंना त्यांची आई आठवली. निळा अंगठा पदराला पुसणारी. शालन तिसरीत असताना तिने आईचा हात हातात धरून घराच्या जोत्यावर कोळशाने तिला नाव लिहायला शिकवलं होतं. कितीतरी संध्याकाळी तेच चाललेलं. आणि मग एक दिवस दूध सोसायटीत आईने अंगठ्याऐवजी नाव लिहिलं, आणि रस्त्याने घरी येईतो ती रडत होती. "आता न्हाई कुनी माझा अंगठा धरणार," असं म्हणत होती.

"आजी, जरा दाबून," कारकून म्हणाला.

बाईंनी अंगठा दाबला. सरनोबत पुढे होऊन हळूच म्हणाले, "विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका. त्या काळी बायकांना कुठे शिकवायचे!" ते स्वतः बाईंपेक्षा वयाने मोठे होते.

"व्हय," बाई म्हणाल्या. "न्हाई शिकवलं कुनी."

निनादने खिशातला रुमाल काढून आईचा अंगठा पुसला. पाहणाऱ्यांना तो फार गुणी मुलगा वाटला.

दोन संक्रांती गेल्या. बाईंच्या हाताची थरथर आता कुणालाही दिसण्यासारखी झाली होती. त्या बँकेत अंगठा देत. तिथली एक अधिकारी त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. पहिल्या वेळी ती नुसती बघत राहिली. बाईंनी "हात दुखतो गं" म्हणून वेळ मारून नेली. मनातला जप चालू होता, पण लिहिल्याशिवाय तो मोजता येत नव्हता. संकल्प अर्धा टाकला, याची धास्ती त्यांना झोपू देत नसे.

तिसऱ्या संक्रांतीला निनाद आणि अन्विता कऱ्हाडला आली. अन्विता खरोखर गोड मुलगी. सासूचं अवघडलेपण तिला कळायचं आणि त्याचं कारण तिने आपल्यापरीने शोधून काढलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून एक खोकं काढलं.

"आई, हे तुमचं संक्रांतीचं वाण."

आत पाटी होती.

"खूप शोधली मी," अन्विता उत्साहाने सांगत होती. "दुकानात सगळे म्हणाले, बोलकी घ्या, तिच्यावर लिहायला छान वाटतं. पण मी मुद्दाम मुकी घेतली. ही काही मोजत नाही, कुणाला काही कळवत नाही. तुम्ही कितीही चुकलात तरी ते तुमच्यापाशीच राहील. मी तुम्हाला तुमचं नाव लिहायला शिकवणार आहे."

बाईंनी पाटीवरून तळवा फिरवला. ही पाटी त्यांना खरंच ओळखणार नव्हती. हिच्यावर त्या उरलेला सगळा जप लिहू शकल्या असत्या आणि जगात कुणाला पत्ता लागला नसता. अडसर होता तो फक्त समोर बसलेल्या या चांगल्या मुलीचा.

"मला न्हाई जमायचं, पोरी."

"जमतं हो. द्या हात."

अन्विताने त्यांच्या मुठीत पेन दिलं, वरून आपला हात धरला आणि 'श' काढायला घेतला. तिने तो चुकीच्या टोकाकडून सुरू केला. बाईंचा हात सवयीने बरोबर बाजूला वळला. त्यांनी तो निग्रहाने सैल सोडला. रेघ वेडीवाकडी गेली.

"हात थरथरतोय ना, तो सवय नसल्यामुळे," अन्विता समजूत घालत म्हणाली. "लहान मुलांचंही असंच होतं. निनाद, इकडे ये. तू एक कित्ता लिहून दे. तुझं नाव गिरवायला आईंना जास्त आवडेल."

"राहू दे ना," निनाद सोफ्यावरून म्हणाला. "तिला पहिल्यापासूनच आवड नाही."

"असं काय रे? तू लिही तर."

निनाद उठून आला आणि पाटीवर वाकला. आपलं नाव एकापुढे एक लिहीत गेला, ओळ भरेपर्यंत. निनाद, निनाद, निनाद. बाई बघत होत्या. पहिला 'न' टपोरा, गाठ गोल, त्यांनीच त्याला शिकवला होता तसा. दुसरं नाव जरा लहान. मग आणखी लहान. ओळीच्या शेवटी नाव एवढं बारीक झालं होतं की 'द' ची शेपटी दिसेना, आणि शिरोरेघ हळूहळू खाली उतरली होती. बाईंना डॉक्टरीणबाईंनी समोर धरलेली आपली ओळ आठवली. 

तेवढ्यात अन्विताचा फोन वाजला. "माझी आई," असं म्हणत ती बोलायला बाहेर ओट्यावर गेली.

"निनाद." बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ही ओळ बघ."

"काय बघू?"

"शेवटाला अक्षर केवढं झालंय बघ. रेघ बघ. कधीपासून असं होतंय? अरे, डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय. अजून हातात असेल. आजच्या आज कोल्हापूरला जाऊ. अन्विताला काहीही सांग. माझं दुखतंय म्हणून सांग."

निनाद ओळीकडे बघत राहिला. ते त्यालाही दिसलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला ते आज पहिल्यांदा दिसलेलं नाही.

"तू घाईत लिहिलंस का?" बाईंनी आशेने विचारलं. "पुन्हा लिही. सावकाश लिही, बाळा."

बाहेर अन्विता हसत होती. निनादने दाराकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तुला लिहिता-वाचता येत नाही."

"निनाद, तुझ्या पाया पडते."

"येत नाही तुला. लक्षात आहे ना?"

अन्विता आत आली. तिने पाटी उचलून उजेडाकडे धरली.

"काय रे हे? शेवटी किती बारीक काढलंस! आईंना दिसणार कसं?" मग तिने पाटी सासूच्या मांडीवर ठेवली, त्यांच्या मुठीत पुन्हा पेन दिलं आणि प्रेमाने विचारलं, "आई, कसं आहे तुमच्या लेकाचं अक्षर?"

बाईंनी निनादकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या, आणि अन्विताने दाखवलं तसं पहिल्या नावापासून गिरवायला लागल्या.